शाहू महाराज, पण नेमके कोणते? पॉडकास्टमधला एकाच नावाचा घोळ कसा ओळखायचा

समजा, तुम्ही सकाळी रंकाळ्यावर फेरी मारताय आणि कानात इअरफोन आहेत. पहिल्या एपिसोडमध्ये वक्ता सांगतो, ‘शाहू महाराज जवळपास अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत होते.’ तो संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. त्यात ऐकू येते, ‘शाहू महाराजांनी नोकऱ्यांमध्ये पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या.’ तिसऱ्या एपिसोडमध्ये राजकारणाच्या गप्पा आहेत आणि तिथे शाहू महाराज काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पोहोचलेले असतात.

तिन्ही वाक्ये खरी आहेत, पण माणसे तीन आहेत. पहिले आणि तिसरे शाहू यांच्या जन्मात अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

कोल्हापूरच्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही, असे आपल्याला वाटते. पण पॉडकास्ट फक्त कोल्हापुरात ऐकले जात नाही. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलगी, मुंबईच्या लोकलमधला नोकरदार, परदेशात वाढणारा मराठी मुलगा हे सगळे तेच ऐकतात. शिवाय आता ऐकणाऱ्यांत यंत्रही आहे. ते गप्पांचे लेखन करते, सारांश काढते आणि प्रश्नांना उत्तरे देते. माणूस आणि यंत्र दोघेही एकाच ठिकाणी अडखळतात. नाव कळते, माणूस कळत नाही.

एका नावाचे शाहू किती?

छत्रपतींच्या घराण्यात ‘शाहू’ या नावाचे किमान चार जण ठळकपणे समोर येतात.

• सातारचे थोरले शाहू (१६८२ ते १७४९): छत्रपती संभाजी महाराज आणि येसूबाई यांचे पुत्र. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये सुटले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ आणि १७२० मध्ये पहिला बाजीराव यांना पेशवेपद दिले ते यांनीच.

• सातारचे दुसरे शाहू (कारकीर्द १७७७ ते १८०८): छत्रपती प्रतापसिंह यांचे वडील. गप्पांमध्ये यांचा उल्लेख सर्वांत कमी येतो. त्यामुळे आला की हमखास गोंधळ होतो.

• राजर्षी शाहू (१८७४ ते १९२२): जन्मनाव यशवंतराव, कागलच्या घाटगे घराण्यातले. १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याभिषेक झाला. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या त्या यांनी.

• शाहू छत्रपती (जन्म १९४८): कोल्हापूरचे विद्यमान खासदार. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या तिकिटावर विजयी झाले.

सध्याच्या शाहू छत्रपतींचे पुत्र संभाजीराजे, २०१६ ते २०२२ या काळातले राज्यसभा सदस्य. म्हणजे सतराव्या शतकात संभाजींचे पुत्र शाहू होते आणि आज शाहूंचे पुत्र संभाजीराजे आहेत. ‘शाहू, संभाजी, बाप-लेक’ एवढेच शब्द पकडणाऱ्या यंत्राची इथेच पंचाईत होते.

तेच नाव पुन्हा पुन्हा का येते?

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची आपल्याकडची रीत सगळ्यांच्या परिचयाची आहे. राजघराण्यात त्यात दत्तकविधानाची भर पडली. दत्तक येणाऱ्या मुलाचे जन्मनाव मागे राहते आणि घराण्यातले जुने नाव त्याला मिळते. यशवंतरावांचे शाहू झाले ते असेच. पुढे देवासहून दत्तक आलेल्या विक्रमसिंहरावांचे शहाजी झाले. शहाजी म्हटले की सर्वांना शिवछत्रपतींचे वडील आठवतात, पण त्याच नावाचे राजे कोल्हापुरातही होऊन गेले.

‘राजाराम’ या नावाचेही तसेच आहे. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र राजाराम १७०० मध्ये सिंहगडावर वारले. कोल्हापूरचे एक राजाराम महाराज युरोपच्या दौऱ्यावरून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचे स्मारक आजही तिथे आहे. राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम हे तिसरे. त्यांनी १९२२ ते १९४० राज्य केले.

मग पहिले, दुसरे, तिसरे असे क्रमांक लावले की प्रश्न सुटेल? तसेही होत नाही. ताराराणींचे पुत्र शिवाजी यांना छत्रपतींच्या सलग यादीत ‘दुसरे शिवाजी’ म्हणतात. कोल्हापूरची गादी वेगळी मोजली की तेच ‘पहिले’ होतात आणि पुढचे सगळे आकडे सरकतात. एका एपिसोडमधले ‘चौथे’ दुसऱ्या एपिसोडमध्ये ‘पाचवे’ असू शकतात आणि दोन्ही वक्ते आपापल्या हिशेबाने बरोबर असतात.

याचा फटका कुठे बसतो, तर ‘शिवाजी महाराजांचे निधन नगरच्या किल्ल्यात ब्रिटिशांच्या नजरकैदेत झाले’ अशा वाक्यात. ज्याला संदर्भ माहीत नाही, तो हे ऐकून चक्रावेल किंवा चिडेल. हे वाक्य कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेल्या एका शिवाजी महाराजांबद्दल आहे. त्यांचे निधन २५ डिसेंबर १८८३ रोजी झाले. पुढे त्यांच्या राणी आनंदीबाई यांनी यशवंतरावांना, म्हणजे राजर्षी शाहूंना, दत्तक घेतले.

वारणेचा तह आणि दोन माणगावे

घोळ किती खोल जातो, याची दोन उदाहरणे पाहू.

पहिले उदाहरण १७३१ च्या वारणेच्या तहाचे. एखाद्या गप्पांत ‘शाहू आणि संभाजी यांच्यात तह झाला’ एवढेच म्हटले, तर नवख्याला वाटेल की बाप-लेकांत तह झाला. प्रत्यक्षात थोरल्या शाहूंचे वडील संभाजी महाराज १६८९ मध्येच गेले होते. तह झाला तो कोल्हापूरच्या संभाजींशी. ते राजाराम आणि राजसबाई यांचे पुत्र, म्हणजे शाहूंचे चुलत भाऊ. याच तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन राज्यांची वाटणी पक्की झाली आणि वारणा नदी हद्द ठरली. स्पर्धा परीक्षेत असा प्रश्न आला, तर नाव बरोबर लिहूनही उत्तर चुकीच्या माणसावर जाऊ शकते.

दुसरे उदाहरण त्याहून गमतीचे आहे. नाव सारखे असेल तर गाव विचारावे, असा साधा उपाय आपण सुचवू. पण थोरल्या शाहूंचा जन्म रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या गांगवलीचा. आणि मार्च १९२० मध्ये राजर्षी शाहू आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ती परिषदही माणगावचीच. हे माणगाव मात्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातले. ‘शाहू’ आणि ‘माणगाव’ हे दोन्ही शब्द जुळले, तरी माणूस जुळला असे म्हणता येत नाही. तिसरी खूण लागते, ती वर्षाची.

ऐकताना नेमके काय हरवते?

पुस्तकात नावाशेजारी कंसात साल असते, पानावर चित्र असते, शेवटी सूची असते. वर्तमानपत्रात फोटोखाली ओळ असते. आवाजात यातले काहीच नसते. वक्त्याने सुरुवातीला एकदा ओळख करून दिली की पुढचा तासभर तो ‘महाराज’ किंवा ‘शाहू’ एवढेच म्हणत राहतो. सलग ऐकणाऱ्याला ते पुरते. अर्ध्यातून ऐकणाऱ्याला पुरत नाही.

त्यात भर पडली छोट्या क्लिपची. तासाभराच्या गप्पांतून चाळीस सेकंद कापले जातात. कापताना ओळख करून देणारे वाक्यच आधी जाते, कारण त्यात ‘मजा’ नसते. उरते ते धक्कादायक वाक्य आणि नुसते नाव. वर चिकटवलेला फोटो कोणाचा असेल, ते क्लिप बनवणाऱ्याच्या माहितीवर अवलंबून.

लेखनाचाही प्रश्न आहे. आवाजाचे आपोआप लेखन करणारे टूल ‘शाहू’चे ‘साहू’ किंवा ‘शाहु’ करू शकते. मग शोधताना एकाच माणसाचे तीन तुकडे होतात. उलट बाजूने तीन माणसे एका नावाखाली एकत्र येतात. म्हणजे एकाच वेळी एकाचे अनेक आणि अनेकांचे एक.

यंत्र कसे ठरवते?

नाव कोणाचे, हे ठरवताना संगणक ढोबळमानाने तीन गोष्टी पाहतो.

पहिली म्हणजे आजूबाजूचे शब्द. ‘पेशवा’, ‘औरंगजेब’, ‘सातारा’ हे शब्द जवळ असतील तर थोरले शाहू. ‘वसतिगृह’, ‘आरक्षण’, ‘राधानगरी’ असतील तर राजर्षी. ‘खासदार’, ‘मतदारसंघ’, ‘काँग्रेस’ असतील तर आजचे शाहू छत्रपती.

दुसरी म्हणजे प्रसिद्धी. आजूबाजूचे शब्द पुरेसे नसतील, तर सर्वांत जास्त वेळा लिहिले गेलेले नाव निवडण्याकडे यंत्राचा कल असतो. आपणही तेच करतो. कोल्हापूरकराला नुसते ‘शाहू महाराज’ म्हटले की राजर्षी दिसतात. सातारकराला थोरले शाहू दिसतील. फरक एवढाच की आपण शंका आली तर शेजारच्याला विचारतो. यंत्र बहुतेक वेळा न विचारताच ठाम उत्तर देते.

तिसरी म्हणजे ओळख क्रमांक. विकिडेटा या खुल्या माहितीसाठ्यात प्रत्येक व्यक्तीला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक असतो. चारही शाहूंचे नाव एक असले, तरी क्रमांक वेगळे. मराठी विकिपीडियावर एकाच नावाच्या अनेक लेखांसाठी ‘निःसंदिग्धीकरण’ पाने असतात, तीही याच कामासाठी. संशोधकांसाठी ‘ऑर्किड’ हा सोळा आकडी क्रमांक २०१२ पासून वापरात आहे, कारण सारख्या नावांमुळे एकाचा शोधनिबंध दुसऱ्याच्या खात्यावर जात होता. चित्रपटांची माहिती देणारे ‘आयएमडीबी’ही प्रत्येक कलाकाराला वेगळा क्रमांक देते.

पॉडकास्टसाठीही अशी सोय आहे. प्रत्येक पॉडकास्टच्या मागे ‘आरएसएस फीड’ नावाची एक फाइल असते. ॲपला एपिसोडचे नाव, तारीख आणि वर्णन तिथून मिळते. या फाइलमध्ये ‘पर्सन’ नावाचा टॅग लावता येतो. पाहुण्याचे नाव, भूमिका, फोटो आणि त्याच्या पानाची लिंक त्यात देता येते. पण तो टॅग ऐच्छिक आहे. आणि तो आहे बोलणाऱ्या पाहुण्यासाठी. गप्पांमध्ये ज्यांच्याबद्दल बोलले जाते, त्यांची ओळख वर्णनातच लिहावी लागते.

चुकले तर बिघडते काय?

इतिहासातल्या माणसाच्या बाबतीत चूक झाली, तर श्रेय चुकीच्या जागी जाते. राजर्षींच्या १९०२ च्या निर्णयाला इतके महत्त्व आहे ते त्या काळामुळे. तोच निर्णय कोणी ‘शिवरायांच्या नातवाचा’ म्हणून सांगितला, तर दोनशे वर्षांचा सामाजिक संघर्ष एका वाक्यात गायब होतो.

जिवंत माणसाच्या बाबतीत नुकसान थेट असते. अमेरिकेत २०२३ मध्ये एका व्यावसायिकाने मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल केला. त्यांच्या नावाशी जवळपास तंतोतंत जुळणारे नाव असलेला दुसरा माणूस दहशतवादाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरला होता. कंपनीच्या एआय शोधसेवेने दोघांची माहिती एकत्र करून एकाच माणसाची म्हणून दाखवली, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील सहज सापडतात. एखाद्या मुलाखतीत कोणी ‘त्या पाटलाने पैसे बुडवले’ म्हटले आणि क्लिप फिरली, तर उरलेल्या तिघांना दारात येणाऱ्या प्रत्येकाला खुलासा करत बसावे लागेल.

निवडणूक आयोगाने काय केले?

सारख्या नावांचा सर्वांत जुना आणि महागडा अनुभव निवडणुकीचा आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच मतदारसंघात सुनील तटकरे याच नावाचा एक अपक्ष उमेदवारही होता. त्याला ९,८४९ मते मिळाली. ती सगळी चुकून पडली असे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे बोलके आहेत.

यावर नियम आधीपासून आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार दोन उमेदवारांचे नाव सारखे असेल, तर त्यांच्या नावाला व्यवसाय किंवा राहण्याचे ठिकाण जोडून फरक दाखवायचा असतो. तेवढ्याने भागत नाही म्हणून १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांत मतपत्रिकेवर आणि मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो येऊ लागला.

पॉडकास्टमध्ये फोटोची सोय नाही. पण जुना नियम तिथेही चालतो. नाव, काम आणि ठिकाण. त्याला वर्ष जोडले की बहुतेक घोळ मिटतात.

कोल्हापूरला हे आधीपासून येते

मी स्वतः अभियांत्रिकी शिकून या डेस्कवर आलेल्यांपैकी. त्यामुळे टूलवर भरवसा जरा जास्तच. एकदा कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीवरच्या तासाभराच्या गप्पांचे लेखन एका टूलकडून करून घेतले होते. ‘बाबूरावांनी कॅमेरा तयार केला’ हे वाक्य अगदी बरोबर उतरले. सोबत टूलने सुचवलेला फोटो मात्र बाबूराव पेंढारकरांचा होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तो वेळीच पाहिला, नाहीतर तसाच पानावर चढला असता.

कॅमेरा तयार करणारे होते बाबूराव पेंटर (१८९० ते १९५४), महाराष्ट्र फिल्म कंपनीचे संस्थापक. बाबूराव पेंढारकर (१८९६ ते १९६७) हे अभिनेते आणि निर्माते, भालजींचे बंधू. ‘दो आँखें बारह हाथ’मधले तुरुंग अधीक्षक तेच. दोघेही कोल्हापूरचे, दोघेही चित्रपटातले, आणि पेंढारकरांनी पेंटरांच्या कंपनीत कामही केलेले. आजूबाजूचे शब्द पाहून ठरवणाऱ्या यंत्राला याहून अवघड गणित कोणते?

गंमत अशी की याचे उत्तर त्या काळच्या लोकांनी आडनावातच देऊन ठेवले होते. बाबूरावांचे मूळ आडनाव मेस्त्री. काम चित्रे रंगवण्याचे, म्हणून लोक ‘पेंटर’ म्हणू लागले. नावाला व्यवसाय जोडा, हा निवडणूक नियम गावाने कधीच अमलात आणला होता. ‘राजर्षी’ ही पदवीही तेच काम करते. ती १९१९ मध्ये कानपूरला कुर्मी समाजाने दिली, आणि आज ती एका शाहूंना बाकीच्यांपासून वेगळे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण आहे. ‘थोरले बाजीराव’, ‘सवाई माधवराव’, ‘सातारकर’, ‘करवीरकर’ ही सगळी त्याच कुळातली.

बोलणाऱ्यांनी काय करावे?

• नाव पहिल्यांदा घेताना पूर्ण ओळख द्या. ‘कोल्हापूरचे राजर्षी शाहू, १९०२ च्या आरक्षणाच्या जाहीरनाम्याचे’ हे म्हणायला पाच सेकंद लागतात.

• क्रमांकापेक्षा वर्ष आणि ठिकाण सांगा.

• लांब गप्पांमध्ये ब्रेकनंतर ओळख पुन्हा द्या.

• क्लिप कापताना ओळखीचे वाक्य ठेवा. ते बसत नसेल तर स्क्रीनवर नावाखाली साल लिहा.

• एपिसोडच्या वर्णनात ज्यांच्याबद्दल बोललात, त्यांची पूर्ण नावे आणि वर्षे लिहा.

ऐकणाऱ्यांनी काय करावे?

• वाक्य विचित्र वाटले की आधी विचारा, ‘कोणत्या सालची गोष्ट?’

• क्लिप पुढे पाठवण्याआधी मूळ एपिसोडची सुरुवातीची मिनिटे ऐका.

• शोधताना नुसते नाव टाकू नका. ‘शाहू महाराज सातारा १७३१’ आणि ‘राजर्षी शाहू १९०२’ यांची उत्तरे वेगळी येतील.

• एआयने दिलेल्या सारांशात एका माणसाच्या नावावर दोन शतकांच्या घटना दिसल्या, तर तिथे दोन माणसे आहेत असे समजा.

• परीक्षेसाठी टिपणे काढत असाल, तर प्रत्येक राजाच्या नावापुढे कंसात कारकीर्द लिहा.

यातले काहीच आपल्याला नवीन नाही. हातातल्या मोबाइलमध्ये कॉन्टॅक्टची यादी उघडून पाहा. तिथे नुसता ‘सचिन’ किंवा नुसते ‘पाटील’ क्वचितच सापडेल. ‘सचिन गॅरेज’, ‘पाटील दूध’, ‘पाटील सर क्लास’, ‘सचिन गडहिंग्लज’ अशीच नावे असतील. नाव, काम, ठिकाण. दूधवाल्या पाटलांसाठी आपण जेवढी काळजी घेतो, तेवढी शाहू महाराजांचे नाव घेतानाही घ्यायला हरकत नाही.